प्रतिसाद: पार्लर गिटारचं लाकूड आणि ठाण्याची हवा

पार्लर गिटार, म्हणजे लहान अंगाची गिटार, स्वतः बनवायला कोणतं लाकूड घ्यावं, हा मूळ प्रश्न. वरच्या फळीला स्प्रूस की सिडर (दोन्ही सूचिपर्णी झाडांची लाकडं) यावर आधीच्या प्रतिसादांत बरंच झालंय, त्यात शिरत नाही. पार्लरच्या छोट्या पोटात हवा कमी, म्हणून खर्ज मुळातच बेताचा. वरची फळी हलकी असेल तरच आवाज मोकळा होतो. स्प्रूस अडीच मिमीच्या आसपास, सिडर मऊ, म्हणून थोडं जाड.

पाठीला वखारीतलं शीशम चालेल का, असं विचारलंय. चालेल. पण त्या नावाने बहुधा उत्तरेकडचं सिसू मिळतं. गिटारवाल्यांचं इंडियन रोझवूड म्हणजे आपला सह्याद्रीतला शिसव. दोन्ही डाल्बर्जियाच, म्हणजे एकाच वंशातली झाडं. नावापेक्षा फळीचं टोक बघा: वलयं उभी असतील तर घ्या. आडवी असली की रंग कितीही देखणा असो, फळी वाकते.

खरी डोकेदुखी आपल्या ठाण्याची हवा. जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांवर असताना ब्रेसिंग (फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) चिकटवलं, तर फुगलेली फळी पुढे एसीच्या खोलीत आक्रसते आणि लाकडाच्या रेषेवर तडकते. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) घ्याच, ४५ ते ५० टक्के दाखवेल तेव्हा चिकटवा. हवेतला ओलावा काढणारा डीह्युमिडिफायर नसेल तर पावसाळाभर नेक, म्हणजे गिटारची मान, कोरत बसा (तेवढंच काम उरतं म्हणा), बॉडी दिवाळीनंतर कोरडी दुपार बघून बंद करा. आणि ब्रिजला (वरच्या फळीवरची, तारा अडकवायची पट्टी) फर्निचरचा साधा पांढरा गोंद नको, उन्हात तापलेल्या गाडीत तारांच्या ताणाने तो सरकतो.