अ‍ॅडम गुड्सने हॉल ऑफ फेम नाकारायला नको होता

यारातीरी (धागाकर्ता)

जून २०२१ मध्ये एएफएलने, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने, जाहीर केलं की अ‍ॅबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाचा मूळनिवासी) खेळाडू अ‍ॅडम गुड्सची हॉल ऑफ फेमसाठी एकमताने निवड झाली होती, पण त्यानेच नको म्हणून कळवलं. त्याचं दुखणं मला समजतं, निर्णय मात्र तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही.

इथे अनेकांना फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, नवीन असेल म्हणून थोडक्यात: अंडाकृती मैदान, दोन्हीकडे १८-१८ खेळाडू, टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने मारला की ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. उंच खेळाडूंनी हवेतले चेंडू बघायचे आणि चपळांनी जमिनीवरचे, अशी सर्वसाधारण वाटणी. गुड्सला ही वाटणी लागूच नव्हती. रकमध्ये (पंचाने उडवलेल्या चेंडूच्या झुंजीत) उड्या मारायचा, मिडफिल्डमध्ये पळायचा, पुढे जाऊन गोलही करायचा. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू निवडतात ती फेरी) ४३ व्या क्रमांकावर उचललेला हा पोरगा सिडनी स्वान्सकडून १९९९ ते २०१५ खेळला: ३७२ सामने, ४६४ गोल. ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, दोनदा, २००३ आणि २००६. हे पदक पंचांच्या मतांवर ठरतं, प्रेक्षकांच्या नाही. २००५ ला स्वान्सने विजेतेपदाचा ७२ वर्षांचा दुष्काळ संपवला तेव्हा तो संघात होता. २०१२ च्या फायनलला तर गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळत राहिला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल मारला.

आज त्याचं नाव काढलं की यातलं काहीही निघत नाही. निघते ती २०१५ मध्ये प्रेक्षकांनी उडवलेली हुर्यो. हॉल ऑफ फेम लीगच्या साहेबांचा नाही, खेळाचा आहे. तिथे नाव नसल्याने साहेबांचं काहीच बिघडत नाही.

चौथा_क्वार्टर

सपशेल असहमत. निवड कुणी केली? एएफएलच्या आयोगाने. २०१५ मध्ये आठवडेच्या आठवडे दर मैदानावर त्याची हुर्यो उडत होती, तेव्हा यात वंशवाद आहे हे म्हणायला लीगची जीभ रेटत नव्हती. माफी आली जून २०१९ मध्ये, लीग आणि १८ क्लबांची मिळून. तोवर तो निवृत्त होऊन चार वर्षं होत आली होती. आता त्यांनीच सूट घालून स्टेजवर बोलवायचं आणि याने हसत फोटो काढायचा?

रोखठोक

लोकप्रिय नसलेलं मत मांडतो. प्रत्येक हुर्योला वंशवाद म्हणणं मला झेपत नाही. फुटीत हुर्यो म्हणजे मीठ-मिरची. गुड्स फ्री किकसाठी पडून दाखवतो अशी तक्रार कितीतरी जण करायचे. आणि लान्स फ्रँकलिनचं काय? तोही अ‍ॅबोरिजिनल, २०१५ ला त्याच स्वान्समध्ये, त्याच मैदानांवर. त्याच्या वाट्याला हे का नाही आलं? २०२२ मध्ये त्याने हजारावा गोल मारला तेव्हा लोक हजारोंनी मैदानात धावले. रंगाचाच राग असता तर हे घडलं असतं का?

खिडकीतला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मधली_सुट्टी

रोखठोक, तुमच्या मुद्द्यात तारखा घाला, मग बघा काय होतं ते. पडून दाखवायची सवय खरी धरली तरी ती काही २०१५ ला लागली नसणार. तोवर तो सोळा वर्षं खेळत होता. मग मधल्या काळात काय झालं?

मे २०१३, मेलबर्नचं एमसीजी, कॉलिंगवुडविरुद्ध सामना, आणि फेरी कोणती तर इंडिजिनस राउंड, म्हणजे मूळनिवासींच्या सन्मानाची. कुंपणाजवळच्या एका १३ वर्षांच्या मुलीने त्याला माकड म्हटलं. त्याने बोट दाखवून सुरक्षारक्षकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी हेही सांगितलं की मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या. पाचेक दिवसांत कॉलिंगवुडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर रेडिओवर गुड्सवर किंगकाँगचा विनोद करून बसले. जानेवारी २०१४: गुड्स ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर झाला आणि वंशवादावर आणखी मोकळेपणी बोलायला लागला. आई सरकारने लहानपणी घरच्यांपासून तोडून नेलेल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांच्या पिढीतली, तो बोलणारच. २९ मे २०१५: कार्लटनविरुद्ध गोल केल्यावर त्यांच्या समर्थकांकडे बघत त्याने युद्धनृत्य केलं, हातात नसलेला भाला फेकला. पुन्हा इंडिजिनस राउंडच! म्हणजे जर्सीवर अ‍ॅबोरिजिनल नक्षी चालते, नाच चालत नाही.

फ्रँकलिनचं उत्तरही यातच आहे. त्याने प्रेक्षकांतल्या कुणाकडे बोट दाखवलं नव्हतं.

रोखठोक

मग राग बोलण्याचा झाला, रंगाचा नाही. मी तेच म्हणतोय.

मधली_सुट्टी

गोल करणारा चालतो आणि आपल्याला माकड म्हटलेलं ऐकून न घेणारा चालत नाही, तर त्याला काय नाव द्यायचं ते तुम्हीच सुचवा.

पंचवटीकर

फुटीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण दोन गोष्टी आठवल्या. ऑक्टोबर २००७, वानखेडे. अँड्र्यू सायमंड्सला बघून आपले प्रेक्षक माकडचाळे करत होते. त्या आधी वडोद्यातही झालं होतं. तेव्हाही आपल्याकडे 'हा तर नेहमीचा दंगा' म्हणणारे कमी नव्हते. दुसरी, जानेवारी २०२१ ची सिडनी कसोटी. प्रेक्षकांकडून शेरेबाजी झाल्याची तक्रार सिराजने केली, खेळ थांबला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. मैदान कोणतं? एससीजी, गुड्सचं घरचं. सिराजच्या वेळी आपण सगळे पेटून उठलो होतो, एवढं रोखठोक यांनी लक्षात घ्यावं.

चौथा_क्वार्टर

पंचवटीकर +१. आणि साल पाहा. २०२१ च्या फेब्रुवारीत कॉलिंगवुडवर एक अहवाल फुटला, क्लबमध्ये वंशवाद मुरलेला आहे असं सांगणारा. मॅग्वायर त्याला क्लबसाठी अभिमानाचा दिवस म्हणाले आणि आठ-दहा दिवसांत पद सोडून गेले. गुड्सचा नकार त्याच वर्षातला.

यारातीरी

हुर्यो का उडाली यावर माझा वाद नाही, मधली_सुट्टी यांनी सांगितलं तसंच झालं. धागा नकाराबद्दल आहे. निकी विनमार या दुसऱ्या अ‍ॅबोरिजिनल खेळाडूचं उदाहरण घ्या. १९९३ ला कॉलिंगवुडच्या व्हिक्टोरिया पार्कवर प्रेक्षकांच्या वंशवादी शिव्या खाल्ल्यावर जर्सी वर करून स्वतःच्या कातडीकडे बोट दाखवणारा तोच. त्याच्या अपमानाचं प्रकरण काही लहान नव्हतं. २०२२ ला तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्या क्षणाचा फोटोही राहिला आणि खेळाडूही राहिला. गुड्सच्या बाबतीत नुसता फोटो राहतोय.

चौथा_क्वार्टर

विनमार १९९९ ला निवृत्त झाला. २०२२ वजा १९९९ करून बघा, लीगला त्याची आठवण यायला किती लागली ते. त्याने घेतला, आनंद आहे. म्हणून गुड्सनेही घ्यावा हे कुठून आलं? चांगल्या अ‍ॅबोरिजिनल खेळाडूने माफ करून टाकावं, ही अपेक्षासुद्धा त्याच बैठकीतली आहे. आणि तो गप्प बसलेला नाही. स्वान्समधला सहकारी मायकल ओलॉफलिनबरोबर २००९ ला काढलेली संस्था अ‍ॅबोरिजिनल मुलांना शिष्यवृत्त्या देतेय. त्यासाठी लीगच्या भिंतीवर नाव लागत नाही.

यारातीरी

संस्था उत्तमच. पण शिष्यवृत्ती घेणाऱ्या पोराने त्या भिंतीसमोर उभं राहून ४३ व्या क्रमांकावरच्या मुलाने काय केलं ते वाचावं, असं तुम्हाला वाटत नाही?

रोखठोक

भिंत राहू द्या. २०१५ च्या ग्रँड फायनलला निवृत्त खेळाडूंची मैदानाला फेरी असते, तीही त्याने टाळली. त्याला मानणारे लाखो होते, त्यांना निरोप घ्यायची संधीही मिळाली नाही. हा हट्ट नाही तर काय?

मधली_सुट्टी

त्याला मानणाऱ्यांनी निरोपाची वाट पाहिली नव्हती. जुलैअखेर पर्थला वेस्ट कोस्टविरुद्ध हुर्यो टोकाला गेली आणि त्याने एक सामना रजा घेतली. त्या सामन्यात एससीजीवर तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला लोक उभे राहिले, कारण त्याचा जर्सी नंबर ३७. तो मैदानात नव्हता, तरी टाळ्या वाजल्या. ग्रँड फायनलची फेरी होती एमसीजीवर. तिथे प्रत्येक क्लबचा प्रेक्षक असतो, म्हणजे सबंध मोसमभर हुर्यो उडवणारेही. त्यांनी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या असत्या की पुन्हा तेच, याची हमी तुम्ही दिली असती का?