नवीन फोन फक्त एकाच नेटवर्कवर लाँच करणं बरोबर आहे का?

कोरी_पाटी:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतेय. एखादा फोन आवडतो, रिव्ह्यू वाचून घ्यायचं नक्की होतं आणि मग कळतं की सुरुवातीला तो फक्त अमुक एका नेटवर्ककडेच मिळणार. आता ज्या नेटवर्कची माझ्या घरात धड रेंजच येत नाही त्याचं सिम मी फक्त फोनपायी का घ्यायचं? फोन बनवणारी कंपनी वेगळी, सिमवाली वेगळी, मग यांचं लग्न लावतं कोण आणि त्यात आपला काय फायदा? माझा एक मित्र म्हणतो की असं केल्यामुळेच फोन स्वस्त पडतो आणि नव्या कंपन्यांना उभं राहता येतं. मला पटत नाहीये पण त्याला नीट उत्तरही देता येत नाहीये. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा प्लीज.

जुना_नोकियावाला:
तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. पहिला आयफोन बघा ना. २९ जून २००७ ला अमेरिकेत आला तो फक्त एटी अँड टी या तिथल्या नेटवर्कवर. त्या काळी तिकडे फोनमध्ये कुठलं सॉफ्टवेअर असावं, कुठलं फीचर बंद ठेवावं, वर लोगो कुणाचा, हे सगळं बऱ्याच अंशी नेटवर्कवाले ठरवायचे, आणि ॲपलने तर तोवर स्वतःचा एकही फोन काढलेला नव्हता. तरी एक्सक्लुझिव्ह हक्क देऊन त्यांनी सॉफ्टवेअर पूर्ण आपल्या हातात ठेवलं. शिवाय व्हिज्युअल व्हॉइसमेल, म्हणजे आलेले निरोप यादीत दिसणार आणि हवा तो आधी ऐकायचा, हे नुसतं फोनमध्ये बसवून चालत नाही, नेटवर्कला आपल्या बाजूनेही बदल करावे लागतात. ते एटी अँड टीने करून दिले. एवढ्यापुरतं एकत्र येणं मला मान्य आहे.

पण स्वस्त कुठे पडला? ४ जीबीचा ४९९ डॉलर, ८ जीबीचा ५९९, आणि वर दोन वर्षांचा करार. आणि व्हेरायझन या दुसऱ्या नेटवर्कवर यायला फेब्रुवारी २०११ उजाडला! मधल्या काळात काय झालं बघा, २००९ च्या जूनमध्ये सॉफ्टवेअर अपडेट आला, त्यात फोटो पाठवायचं एमएमएस होतं, पण एटी अँड टीने ते चालू केलं सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे फोन तयार, गिऱ्हाईक तयार, फक्त नेटवर्क तयार नाही, आणि हाच फोन ठेवून दुसरीकडे जायची सोयच नाही. नेटवर्कला घाई तरी कशाला असेल, माणूस जाणार कुठे?

सिम_बदलू:
वरचं पटलं, फक्त एक गोष्ट वेगळी करायला हवी. एक्सक्लुझिव्ह विक्री हा एक प्रकार आणि सिम लॉक, म्हणजे फोनमध्ये दुसऱ्या नेटवर्कचं सिम चालूच न देणं, हा दुसरा, आणि खरा त्रास दुसऱ्याचा आहे. विक्रीची मुदत संपते, लॉक फोनला चिकटून राहतो. मी सेकंड हँड फोन घेतला होता, दिसायला नवाकोरा, आपलं सिम घातलं तर स्क्रीनवर अनलॉक कोड मागणारी चौकट. त्या नेटवर्कच्या कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर एकच, मूळ मालकाने विनंती केली तरच कोड मिळेल. मूळ मालक मी आणू कुठून? पैसे मोजलेत मी, फोन माझ्या हातात आहे आणि चालवायची परवानगी मात्र तिसऱ्याकडे, याचा मला अजून राग येतो.

म्हणून काही देशांनी हे सरळ बंदच केलं. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नेटवर्कवाल्यांना फोन अनलॉक करूनच विकावे लागतात, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून तेच, जपानमध्ये २०२१ च्या ऑक्टोबरपासून नव्या फोनला सिम लॉक लावायला बंदी. फ्रान्समध्ये तर २००८ च्या डिसेंबरमध्ये स्पर्धा बघणाऱ्या सरकारी संस्थेने ऑरेंज या नेटवर्कचा आयफोनवरचा एकट्याचा हक्कच थांबवला होता.

दुसरी_बाजू:
मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. ॲपल, सॅमसंगचं ठीक आहे हो, पण नव्या कंपनीला विचारा. एखादं नेटवर्क मोठी ऑर्डर देतं, आपल्या दुकानांत समोर मांडतं, जाहिरातीचा खर्च उचलतं, आपल्या टॉवरवर टेस्टिंग करून घेतं. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टी-मोबाइलने जी१ नावाने विकला. अँड्रॉइड तेव्हा कुणाला माहीत होतं? सगळ्या नेटवर्कच्या मागे एकदम धावायची ताकद सगळ्यांत नसते.

जुना_नोकियावाला:
@दुसरी_बाजू मुद्दा रास्त आहे, पण हीच गोष्ट उलटते पण. पाम कंपनीचा प्री फोन घ्या, २००९ च्या जूनमध्ये आला, त्यातलं वेबओएस हे सॉफ्टवेअर खरंच सुंदर होतं, ॲप्स पत्त्यांसारखी मांडायची आणि नको ते वर ढकलून बंद करायचं, आज सगळ्या फोनमध्ये आपण तेच करतो. पण अमेरिकेत सुरुवातीला दिला फक्त स्प्रिंटला, ज्याचे ग्राहक तेव्हा सोडून चालले होते. बाकी नेटवर्कवर करारात अडकलेल्या लोकांनी तो घ्यायचा कसा? २०१० मध्ये पाम कंपनी एचपीला विकली गेली, १२० कोटी डॉलरला. हे एकच कारण होतं असं नाही, पण दुबळ्या कंपनीने आपलं अख्खं गिऱ्हाईक एका नेटवर्कपुरतं कापून घेणं मला फार धोक्याचं वाटतं. ॲमेझॉनचा फायर फोन पण तसाच, २०१४ च्या जुलैमध्ये फक्त एटी अँड टीवर, करारासकट १९९ डॉलर, सप्टेंबरमध्ये किंमत आली ९९ सेंटवर. फोनच लोकांना आवडला नव्हता हे खरं, पण निदान तो कुठल्याही सिमवर वापरून बघता आला असता तर...

दुसरी_बाजू:
पामचं मान्य. मग मी एवढंच म्हणेन की मुदत छोटी ठेवा आणि लॉक नको. नेटवर्कला पहिले काही आठवडे द्या, वेगळा रंग द्या, हप्त्यांची स्कीम द्या, पण त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर अनलॉक मॉडेल पण मिळालं पाहिजे.

कोरी_पाटी:
थँक्यू सगळ्यांना, मित्राला हाच धागा पाठवते आता. माझ्यापुरतं ठरलं, अनलॉक मॉडेल येईपर्यंत थांबणार. फक्त एक सांगा, अनलॉक घेतला की कुठल्याही सिमवर नक्की चालेल ना?

सिम_बदलू:
दरवेळी नाही, हे आधी बघून घ्या. एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळे मॉडेल नंबर असतात आणि प्रत्येकात बँड, म्हणजे नेटवर्क ज्या रेडिओ फ्रीक्वेन्सीवर चालतं त्या, वेगळे असू शकतात. एखाद्या नेटवर्कसाठी काढलेल्या मॉडेलमध्ये तुमच्या नेटवर्कचा एखादा बँड नसेल तर सिम चालेल पण घरात, लिफ्टमध्ये रेंज जाईल. दुसरं म्हणजे व्होल्टी, म्हणजे ४जीवरून होणारे कॉल. काही नेटवर्क फक्त त्यांच्या यादीतल्या मॉडेललाच असे कॉल करू देतात, आणि जिथे ३जी बंद झालंय तिथे मग इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाही. तेव्हा नुसतं नाव बघू नका, खोक्यावरचा मॉडेल नंबर घेऊन तुमच्या नेटवर्कच्या साइटवरची यादी तपासा आणि मगच पैसे भरा.