गुडघेदुखी: वजनकाटा आधी की टेप?

धागाकर्ता
साठीनंतर गुडघे धरले की सगळे "वजन उतरवा" म्हणतात. माझं मत: आधी पोट मोजा. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा २००४ सालचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो पाहा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आतड्यांभोवतीच्या चरबीतून आयएल-६सारखी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि सांध्यापर्यंत पोचतात. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०.

काठीवाला
पटत नाही. गुडघ्याला भार कळतो, चरबी पोटावर आहे की मांडीवर हे कळत नाही. किलोभर वजन घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे मोजलेलं आहे.

धागाकर्ता
मग स्थूल माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त का झिजतात? हातांवर कोण चालतं?

काठीवाला
बोटांचा संबंध आहे, पण गुडघ्याइतका घट्ट नाही. त्यामुळे भार पहिला, दाह दुसरा. २०१३ च्या 'आयडिया' चाचणीत ५५ च्या पुढचे, गुडघे झिजलेले लोक १८ महिने पाहिले. आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झालं.

धागाकर्ता
त्याच चाचणीत आहार सांभाळणाऱ्या गटांत आयएल-६ सुद्धा नुसत्या व्यायामापेक्षा खाली आलं. तेवढं सोडून कसं चालेल?

मांडीचे_स्नायू
या वादात म्हातारी माणसं उपाशी राहू लागतात, ते थांबवा. भात-पोळी तोडून नुसत्या चहावर राहिलं तर चरबीबरोबर मांडीचा स्नायूही जातो, आणि मग गुडघा आणखी डगमगतो. वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत: डाळ, दही, अंडी, पनीर. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, ८-१० वेळा, दोन फेऱ्या. जमत नसेल तर खाली उशी घेऊन बैठक उंच करा. पोटाचे व्यायाम करून नेमकी पोटाचीच चरबी जात नाही.

आणि टेप लावताना बहुतेक जण पट्ट्याच्या जागी, सुटलेल्या पोटाखालून मोजतात, मग आकडा कमी येतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, सहज श्वास सोडल्यावर मोजा.