मदत हवी आहे: ७८ च्या तबकड्यांवरची भावगीतं चारचौघांत कशी ऐकवावीत?

नमस्कार मंडळी,

मामांची तबकड्यांची ट्रंक माझ्याकडे आली आहे. सगळ्या ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. भावगीतं जास्त, थोडी नाट्यगीतं, तळाशी दोन-चार कीर्तनं. आमच्या सोसायटीत जुन्या गाण्यांचे आठ-दहा दर्दी आहेत. महिन्यातून एकदा हॉलमध्ये बसून ऐकायचं, असं ठरतंय. त्यातल्या एका काकूंनी पुण्याच्या गणेशोत्सवात गजाननराव वाटव्यांचं काव्यगायन समोर बसून ऐकलंय, त्यामुळे काहीही लावून चालणार नाही.

'यूट्यूबवर सगळं आहे' हे कृपया सांगू नका. तिथे पुष्कळदा कॅसेटच्या काळात नव्या वाद्यवृंदासह पुन्हा गायलेलं गाणं असतं आणि खाली 'ओरिजिनल' म्हणून ठोकून दिलेलं असतं. मला तबकडीवरचंच ऐकवायचंय.

अडचणी अशा. माझ्या टर्नटेबलवर ३३ आणि ४५ चेच वेग आहेत. 'ऑल इन वन' सूटकेस प्लेअर घ्यावा का? तबकड्यांवर बुरशीचा पांढरा थर आहे, तो कशाने काढू? एका तबकडीची दोन्ही लेबलं कसरीने खाल्ली आहेत. बाईचा आवाज आहे, मागे पेटी आणि व्हायोलिन, पण काठाचा टवका उडाल्याने मुखडाच नाही. ती ओळखायची कशी? आणि रेकॉर्डिंग करून ग्रुपवर पाठवलं तर कायद्याच्या भानगडीत पडेन का? पहिल्या बैठकीला काय लावावं, तेही सुचवा.

खरखर:
आधी एक गोष्ट. स्पिरिट, सॅनिटायझर, आयसोप्रोपिल, यातलं काहीही लावू नका!! ७८ च्या बहुतेक तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. ३३ च्या वेगाच्या एलपी साफ करायचे व्हिडिओ बघून लोक हेच करतात आणि खाचा कायमच्या जातात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा. लेबल कोरडं ठेवा. मग साध्या पाण्याने धुऊन लगेच टिपा. वाळवताना उभ्या ठेवा, पण उन्हात नको, वाकतात.

सूटकेस प्लेअर घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत तिन्ही वेगांना एकच सुई असते. एलपीची सुई साधारण ०.७ ते १ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ ची साधारण ३ मिल. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि सगळा कचरा वाजवते. तुमच्या कार्ट्रिजला (सुई जिथे बसते त्या भागाला) ७८ ची वेगळी सुई मिळते का, ते बघा. मिळाली तर टर्नटेबल बदलायची गरज नाही. ४५ वर वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वेग ७३.३ टक्के वाढवा. नुसता टेम्पो नव्हे, स्पीड, म्हणजे सूरही जागेवर येतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण चालतं.

कार्ट्रिज स्टिरिओ असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा. या तबकड्यांचा आवाज खाचेच्या आडव्या हालचालीत असतो. उभ्या हालचालीची खरखर मोनो केल्यावर बरीचशी कटते.

आणि नॉइज रिडक्शनचा सोस नको. खरखर काढता काढता तंबोरा जातो, मग बाईच्या आवाजातली हवा जाते. उरतं ते टेलिफोनवरचं गाणं.

काळी_चार:
वेगाबद्दल थोडं. लेबलवर ७८ लिहिलं असलं तरी रेकॉर्डिंग नेमकं ७८ वर झालं असेलच असं नाही. घरी पेटी असेल तर मागे वाजणारी पेटी कुठल्या पट्टीत बसते ते बघा. दोन पट्ट्यांच्या मधेच लोंबकळत असेल तर वेग एखाद-दोन टक्के मागेपुढे करा. जुन्या पेट्यांचं ट्यूनिंग आजच्यासारखं नसायचं, त्यामुळे हाही काही अंतिम पुरावा नाही. शेवटी गळाच सांगतो. वेग वाढला की बाईचा आवाज शाळकरी मुलीचा होतो.

बिनलेबलची तबकडी टेबलावर ठेवून टॉर्च अगदी आडवा धरा. शेवटची खाच संपते आणि लेबल सुरू होतं त्या मधल्या कोऱ्या पट्टीत आकडे-अक्षरं दाबलेली दिसतील. तो मॅट्रिक्स नंबर. दोन्ही बाजूंचा वेगळा असतो. लेबलवरचा कॅटलॉग नंबर गेला तरी हा राहतो. फोटो काढा, आकडे स्पष्ट दिसत नसतील तर वर कागद ठेवून पेन्सिलीने हलकं घासा. मग १९९० पासून मुंबईत काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींना विचारा. मुखडा नसला तरी अंतऱ्याच्या दोन ओळी इथे टंका, 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर शब्दांवरून शोधता येईल.

कलमकसाई:
वकिली सल्ला नाही, पण कॉपीराइट कायदा वाचलेला आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९५० मध्ये निघालेल्या तबकडीचा २०१० अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यांची कविता मोकळी झाली. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. तांब्यांची कविता असली तरी चाल लावणाऱ्याचं साल वेगळं मोजायचं, हे लोक विसरतात.

तुमच्या बैठकीची मात्र काळजी नको. रहिवाशांच्या सामायिक हॉलमध्ये त्यांच्याचसाठी ध्वनिमुद्रण ऐकवायला कलम ५२ मध्ये सूट आहे. फाइली वाटणं त्यात येत नाही. ग्रुपवर फाइल टाकण्यापेक्षा हॉलमध्ये बोलवा, गर्दीही होईल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. टॉर्चची युक्ती लगेच केली, आकडे आहेत! एका बाजूचा शेवटचा अंक ३ की ८ कळत नाही, पेन्सिलीने घासून बघतो. आता पहिल्या बैठकीचं सुचवा. 'गीतरामायण' आणावं का?

विदर्भातला:
पहिल्याच दिवशी नको. ५६ गाणी आहेत, त्यातलं कुठलं यावरच रात्र जाईल. आणायचंच तर आधी सांगा की १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ते माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक अशा निरनिराळ्या गळ्यांतून झालं होतं. घराघरांत वाजतं ते बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजातलं, नंतरचं.

सुरुवात 'रानारानात गेली बाई शीळ'ने करा. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची कविता, गाणारे नागपूरकडचे जी. एन. जोशी. आमच्या बाजूचा अभिमान आहेच, पण भावगीताच्या तबकड्यांची लाट तिथून उठली हेही खरं. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, म्हणून कवितांची कडवी गाळली जात. पूर्ण कविता छापून न्या, वाजवा आणि कुठलं कडवं गेलं ते मंडळींना शोधू द्या.

तिसरी_घंटा:
मध्ये ज्योत्स्नाबाई भोळ्यांचं 'बोला अमृत बोला' हवंच. 'कुलवधू' नाटक १९४२ चं, संगीत मास्टर कृष्णरावांचं. नाट्यगीत म्हणून कुणी हरकत घेतली तर आधी ऐका म्हणावं. शेवटी 'शुक्रतारा', पण अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचंच. नंतर दाते बऱ्याच गायिकांबरोबर ते गायले, सीडीवर बहुधा तेच मिळतं.

खरखर:
आणि तो ३ की ८ वाला फोटो टाका, दोन्ही बाजूंचा. फ्लॅश बंद करून.