“चेष्टा करूँगी” : शब्द तोच, अर्थ भलताच. तुमचेही अनुभव लिहा

लेकीच्या हिंदीच्या पुस्तकात आज ‘शिक्षा का अधिकार’ आलं. तिने विचारलं, “आई, शिक्षा करायचा अधिकार कोणाला गं?” तिला समजावता समजावता हॉस्टेलची खोली डोळ्यांपुढे आली.

माझी रूममेट बंगाली. मी तापाने पडले होते, पंधरा दिवसांचे तास बुडालेले. तिला म्हटलं, माझ्या वहीत नोट्स उतरवशील का? ती म्हणाली, “चेष्टा करूँगी.” आजारी माणसाची चेष्टा! दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, आणि ती मात्र रात्री जागून माझी वही भरत होती. वही हातात आली तेव्हा कळलं, बंगालीत आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. संस्कृत कोशातही हालचाल, धडपड असाच अर्थ. मुळाजवळ तीच होती, थट्टेकडे वळलो ते आपण. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

तुमचं असं काही झालंय?

निळी शाई: सही! नोकरीचा पहिला आठवडा. हिंदीभाषक साहेबांपुढे पत्र ठेवलं, “सर, इसको सही कर दीजिए.” त्यांनी लाल पेन काढून अख्खं पत्र तपासलं, दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत दिलं. मी सहीची वाट बघत उभीच. दोन्ही ‘सही’ अरबी ‘सहीह’च्याच, म्हणजे बरोबर, खरं. सही करताना आपण ‘हे खरं आहे’ असंच लिहून देतो की. मला फार आवडतं हे.

पाऊलवाट: बाळ झोपलंय तोवर लिहिते. मी जिन्याखाली उभी, फोनवर म्हटलं, “मैं खाली हूँ.” पलीकडून, “खाली हो तो ऊपर आकर हाथ बँटाओ ना!” गेले वर. सामान मीच उतरवलं.

रानजाई: हाहा पाऊलवाट! धागाकर्ती, वहीचं वाचून भरून आलं. ती मैत्रीण आहे का संपर्कात?

माझं ‘ताई’चं. शेजारच्या कानडी मुलीला मी ताई म्हणायचे. ती लाजायची, मग एकदा हळूच म्हणाली, “अक्का म्हणा.” कन्नडमध्ये तायी म्हणजे आई! आणि अक्का तर आपणही म्हणतोच.

दीपमाळ: वरचे बहुतेक शब्द एका मुळाचे, अर्थ फुटलेले. मला ओढ आहे ती उलट्या प्रकाराची : रूप एक, मुळं निराळी. ‘कामधंदा’मधलं काम संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’ असं झिजत आलं. ‘कामदेव’मधलं काम म्हणजे इच्छा, त्याचं याच्याशी नातंच नाही. आपला तोंडातला घास ‘ग्रास’चा. हिंदीतली घास म्हणजे गवत, ती संस्कृत ‘घास’ची.

पण माझा जीव अडकलाय तो ‘जातीने’मध्ये. वडील अर्जात लिहायचे, “आपण जातीने लक्ष घालावे.” मला तो शब्द खटकायचा. इथे कोणाच्या जातीचा काय संबंध? एकदा त्यावरून त्यांच्याशी भांडलेही. पुढे उर्दू शिकताना उलगडलं. अरबी ‘ज़ात’ म्हणजे स्वतः, व्यक्ती. जातीने म्हणजे स्वतः होऊन. माणसामाणसांत भिंत घालणारी जात संस्कृत ‘जन्’ धातूची, ती वेगळी. मराठीत दोन्ही एकाच रूपात येऊन बसल्या. तोवर वडील गेले होते. त्यांचा शब्द निर्मळ होता हे त्यांना सांगायचं राहिलं.

रानजाई: दीपमाळ, काय बोलू. त्यांना ठाऊकच असणार गं, म्हणून तर ते लिहीत राहिले.

सांजवात: ‘शेरास सव्वाशेर’मध्ये सिंह आहे ना?

निळी शाई: नाही नाही, वजन! 80 तोळ्यांचा शेर, साधारण 933 ग्रॅम. म्हणून तर सव्वा. सिंह तो फारसी शेर, आणि गझलेतला शेर अरबी ‘शिअर’वरून. तिघांची तीन घराणी.

सांजवात: अरे देवा, मुलांना निबंधात सिंह लिहून दिलाय मी. आज सांगते त्यांना.

परिमळ: माझ्या इराणी वर्गमैत्रिणीच्या बोलण्यात सिंहही ‘शीर’ आणि दूधही ‘शीर’. पूर्वी एक शेर, एक शीर होता, इराणमध्ये उच्चार एक झाले. ताजिकांनी मात्र फरक जपलाय. आणि फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट, इंग्रजी ‘बॅड’शी त्याचं काहीही नातं नाही.

योगायोगाची कमाल तर ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँडमधल्या म्बाबरम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत! आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ 1960च्या दशकात तिचे शब्द टिपत होते, तेव्हा त्यांना तो मिळाला. इंग्रजीतून घेतलेला नाही, जुना ‘गुडगा’ झिजून झालेला. सारखे दोन शब्द दाखवून ‘सगळ्या भाषा आमच्यातूनच निघाल्या’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. भाषेवर प्रेम असेल तर मूळ शोधायचे कष्ट घ्यावेत.

सांजवात: आणि जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील, आईला देदा! भाचरं काय करत असतील?

धागाकर्ती: रानजाई, आहे ना संपर्कात. आत्ताच त्या वहीचा फोटो पाठवला तिला. उत्तर आलं, “अक्षर किती वाईट होतं माझं!” अजिबात नव्हतं.

पाऊलवाट: बाळ उठलं. ‘अनुराग’मधला राग आपल्याकडे संताप कसा झाला ते लिहायचंय, रात्री येते.