मदत हवी आहे : एकाच मालाची अखेर शिल्लक तीन वेगळ्या आकड्यांत येते, कोणती धरायची?

प्रश्न
छोट्या किरकोळ दुकानाचा स्टॉक लावणे चालू आहे. एका वस्तूचा हिशेब असा: सुरुवातीची शिल्लक 40 नग, दर 100. मग 120 दराने 60 नग आले, त्यानंतर 70 विकले. पुढे 130 दराने 50 आले, त्यावर 40 विकले. उरलेले 40 नग मोजून पाहिले, बरोबर आहेत.

वहीत भारित सरासरीने (एकूण किंमत भागिले एकूण नग) शिल्लक 4720 येते, सॉफ्टवेअर 4930 दाखवते, फिफोने (आधी आलेला माल आधी विकला असे धरून) 5200. चूक कुठे आहे? लिफोने (शेवटी आलेला माल आधी विकला असे धरून) नफा कमी दिसतो, म्हणून तीही पद्धत डोक्यात आहे.

उत्तर 1
चूक कुठेच नाही. वहीत तुम्ही पूर्ण काळाची सरासरी काढलीत: 17700 भागिले 150, म्हणजे 118. सॉफ्टवेअर चल सरासरी काढते, प्रत्येक खरेदीनंतर नवा दर. पहिल्या 100 नगांचा दर 112 पडला. 70 गेल्यावर 30 नग 3360 चे उरले, त्यात 6500 मिळवले की 80 नगांचे 9860, दर 123.25. चाळीस नगांचे 4930.

118 मध्ये गोम अशी, की पहिले 70 नग विकले तेव्हा 130 चा माल आलेलाच नव्हता, तरी त्याचा भार त्या विक्रीवर पडला. नोंद रोजच्या रोज होत असेल तर चल सरासरीच ठेवा. फिफोला मात्र हा फरक पडत नाही. रोज काढा नाहीतर अखेरीला, 5200 च येणार.

उत्तर 2
लिफोचा विचार सोडा. मालसाठ्याच्या हिशेबाचे जे आंतरराष्ट्रीय लेखामानक 2 आहे, त्यातून ती 2003 च्या सुधारणेत काढली गेली आणि 1 जानेवारी 2005 पासून तो बदल लागू झाला. अमेरिकेत चालते, पण तिथे करासाठी लिफो धरली तर मालक आणि सावकारांना दाखवायच्या हिशेबातही तीच धरावी लागते. शिवाय तुमच्या आकड्यांत काळाच्या अखेरीस लिफो लावली तर शिल्लक 4000 पडते. म्हणजे आज 130 ला मिळणारा माल वहीत 100 ने बसणार.

मुदत संपणारा किंवा बॅचनिहाय माल असेल तर फिफो. एकसारखे, एकाच डब्यात मिसळलेले सुटे नग असतील तर सरासरी. सिरियल नंबर असलेल्या महागड्या वस्तूंना ज्याचा त्याचा खरेदी दर लावा. पद्धत काहीही असो, विक्रीतून निव्वळ हाती येणारी रक्कम खर्चापेक्षा कमी असेल तर शिल्लक त्या कमी रकमेलाच दाखवायची. आणि एकाच प्रकारच्या मालाला यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरी पद्धत, असे करू नका; नफ्याची तुलनाच बिघडते.

प्रश्नकर्ता
दुसऱ्या एका वस्तूचा सरासरी दर 131.15 दिसतो. 130 च्या वर एकही खरेदी नाही! हे कसे?

उत्तर 1
स्टॉक उणे गेला आहे. समजा 112 दराचे 5 नग होते आणि खरेदीचे बिल चढवण्याआधी 8 विकल्याची नोंद झाली. शिल्लक उणे 3, किंमत उणे 336. मग 50 नग 130 ने चढवले: 6500 वजा 336 म्हणजे 6164, भागिले 47. हाच तुमचा 131.15. सरासरी सर्वांत महाग खरेदीच्याही वर गेली की आधी हेच तपासा. खरेदीची तारीख माल हाती आला त्या दिवसाची करा, दर पुन्हा मोजायला लावा आणि उणे स्टॉकवर बिल बनणे बंद करा.

उत्तर 2
त्याच वेळी वाहतूक खर्चही बघा. दुकानापर्यंत माल आणण्याचे भाडे दरात धरायचे, खरेदीवरची सूट वजा करायची, परत मिळणारा कर धरायचा नाही. ग्राहकाकडे माल पोचवण्याचा खर्च विक्रीचा, तो स्टॉकमध्ये घालू नका. भाड्याचे बिल उशिरा आले तर विकून गेलेल्या नगांचा वाटा विकलेल्या मालाच्या खरेदी खर्चात टाका. सगळा उरलेल्या नगांवर लादलात तर दर फुगतो.