दंत आरोग्य कार्यक्रमाच्या राज्यस्तरीय अधिकाऱ्याची जबाबदारी नेमकी कोणती?

धानपट्टा: नमस्कार. नागपूर जिल्ह्यातील आमच्या ग्रामीण रुग्णालयात दंत खुर्ची आहे, डॉक्टरही आहेत. परंतु दात कोरायचे यंत्र हवेच्या दाबावर चालवणारा काँप्रेसर बंद पडल्यापासून तेथे दात काढण्यापलीकडे काही होत नाही आणि साधी दाढ भरायची तरी शहर गाठावे लागते. विचारले की ‘वरून येईल’ असे उत्तर मिळते. हे ‘वर’ म्हणजे कोण?

निवृत्त लिपिक: राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे आणि तो राष्ट्रीय आरोग्य अभियानातून चालतो. राज्याचा नोडल अधिकारी, म्हणजे राज्यात या कार्यक्रमाची जबाबदारी असलेला अधिकारी, स्वतः रुग्ण तपासत बसत नाही. जिल्ह्यांच्या मागण्या एकत्र करून त्या राज्याच्या आराखड्यात, म्हणजे कार्यालयात ज्याला सगळे ‘पीआयपी’ म्हणतात त्यात, बसवणे, खुर्ची, मनुष्यबळ आणि साहित्य यांसाठी निधी मंजूर करून घेणे व पुढे त्याचा हिशेब ठेवणे हे त्याचे खरे काम. अडचण अशी की कागदावर तुमची खुर्ची ‘उपलब्ध’च दिसत असणार. दात काढल्याची संख्या भरपूर आणि दाढा भरल्याची शून्य, असा अहवाल महिनोन्‌महिने आला, तर यंत्र बंद आहे हे मुंबईत बसूनही ओळखता यायला हवे. पण त्यासाठी अहवाल वाचावा लागतो! तुम्ही वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या, त्याची प्रत जिल्हा शल्य चिकित्सकांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

दातांचा डॉक्टर: वरील माहितीत एक भर घालतो. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे आणि ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, त्यामुळे महाविद्यालयाची शिबिरे तालुक्यात न्यायची तर नोडल अधिकाऱ्याला आदेशाने नव्हे, समन्वयाने काम करावे लागते.

माझ्या मते मात्र आपल्याकडे त्याची खरी कसोटी खर्ऱ्यावर, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या मिश्रणावर, आहे. पन्नीत घोटलेला खर्रा चघळणारी कोवळी पोरे माझ्याकडे येतात. तोंड इतके आखडलेले असते की उभी तीन बोटे आत जात नाहीत, तिखट सोसत नाही. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून असली तरी तिची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते, नोडल अधिकारी नव्हे. तरीही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत जातातच. त्यांना दातांच्या किडीबरोबर तोंड किती उघडते हेही पाहायला शिकवणे आणि संशयित मुलाला पुढे पाठवल्यावर तो खरोखर पोहोचला का याची विचारणा करणे, एवढे तर त्याच्या हातात नक्की आहे.

धानपट्टा: आभारी आहे. सोमवारी अर्ज देतो. खर्ऱ्याचा मुद्दाही त्यात लिहीन, कारण शाळेसमोरच्या टपरीवर तो उघड घोटला जातो.